कोड ४२ : तक्रार आणि निदान

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत, कायदा आणि वैद्यक या विषयांवरील व्याख्याने आपण ऐकलीत. त्यांच्या पंक्तीला एका मोटार-मेकॅनिकला बसवण्याचे धाडस समितीने केले, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. या शाळेतून दहावी झाल्यावर मी आयटीआयमध्ये गेलो, काही वर्षे येथील ट्रान्सपोर्ट नगरात हात काळे केले आणि पुढे अमेरिकेत गेलो. तेथे माझ्या आयुष्याची बावीस वर्षे जुन्या पिकअप ट्रकांची इंजिने दुरुस्त करण्यात गेली. म्हणून मला जे ठाऊक आहे तेच बोलतो. जुन्या ट्रकच्या इंजिनाने इग्निशनच्या बिघाडाचा कोड दाखवला, तर त्याचा अर्थ कसा लावावा, हा आजचा विषय आहे. काहीतरी बिघडले आहे एवढेच कळते आणि काय बिघडले ते कळत नाही, अशा वेळी माणसाने कसे वागावे, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे. तो केवळ गॅरेजपुरता नाही.

प्रथम एक खुलासा. ट्रक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डिझेलचा मालट्रक उभा राहतो. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. दाबाने तापलेल्या हवेत इंधन फवारले की ते आपोआप पेटते. अमेरिकेत मात्र ट्रक या शब्दात पेट्रोलवर चालणारी पिकअप गाडीही येते. शेतकरी, सुतार, नळकाम करणारे, बागकामाची कंत्राटे घेणारे अशा लोकांचे पोट तिच्यावर चालते. पंचवीस-तीस वर्षांची जुनी गाडीही ते मोडीत काढत नाहीत. गाडी एक दिवस उभी राहिली, तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

अशा इंजिनात ठिणगी कशी पडते, ते थोडक्यात पाहू. विज्ञानाच्या तासाला आपण सर्वजण फॅरडेचा प्रयोग शिकलो आहोत. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात विद्युत्दाब निर्माण होतो, हे त्याने १८३१ साली दाखवून दिले. इग्निशन कॉइल त्याच तत्त्वावर चालते. बॅटरीच्या १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलमध्ये सोडायचा आणि नेमक्या क्षणी तोडायचा. तो तुटताच दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. प्रवाह तोडण्याचे काम मॉड्यूल नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग करतो. कोणत्या सिलिंडरला ठिणगी द्यायची, ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो.

पण ठिणगी पडणे पुरेसे नाही, ती वेळेवर पडली पाहिजे. आठ सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, तर एका फेऱ्याला ३० मिलिसेकंद लागतात. प्रत्येक फेऱ्यात चार, म्हणजे मिनिटाला ८००० ठिणग्या पडतात. इंधन पेटून दाब वाढायला थोडा अवधी लागतो, म्हणून पिस्टन वर पोहोचण्याच्या काही अंश आधीच ठिणगी द्यावी लागते. वेग वाढला की ती आणखी आधी द्यावी लागते. ठिणगी उशिरा पडली तरी इंजिन चालते. मात्र उष्णतेचा मोठा भाग काम न करता धुराड्यातून बाहेर जातो. गाडीला ओढ राहत नाही आणि पेट्रोल जास्त लागते.

आता कोडकडे येऊ. जनरल मोटर्सच्या १९८७ ते १९९५ या काळातील ५.७ लिटरच्या पेट्रोल इंजिनाच्या पिकअप गाड्या उदाहरणासाठी घेऊ. त्यांत संगणक आहे, पण आजच्यासारखा पडदा नाही. स्टिअरिंगच्या बाजूला, डॅशबोर्डच्या खाली एक कनेक्टर असतो. त्यातील ए आणि बी ही दोन टर्मिनले तारेच्या तुकड्याने जोडायची आणि इंजिन सुरू न करता चावी फिरवायची. मग डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लुकलुकू लागतो. एक लुकलुक, थोडा विराम, मग लागोपाठ दोन लुकलुकी : हा झाला कोड १२. तो तीनदा येतो. त्यानंतर संगणकाच्या स्मृतीत असलेला प्रत्येक कोड तीन-तीनदा येतो आणि शेवटी पुन्हा १२.

हा कोड १२ मला फार आवडतो. त्याचा अर्थ एवढाच, की डिस्ट्रिब्युटरकडून फिरण्याचे संकेत येत नाहीत. इंजिन बंदच असल्यामुळे ते येणारही नाहीत. म्हणजे यंत्र पहिल्याने एक खरी, साधी, पडताळून पाहता येणारी गोष्ट सांगते : मी जागे आहे आणि मला बोलता येते. कोड १२ आला नाही, तर आधी दिवा, फ्यूज आणि जोडणी तपासायची. पुढचे काही ऐकण्यात अर्थ नाही.

पुढे चार लुकलुकी, विराम आणि दोन लुकलुकी आल्या, की तो कोड ४२. पुस्तकात त्याच्यापुढे लिहिलेले असते : ठिणगीच्या वेळेचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण करणाऱ्या मंडलात बिघाड. ‘मंडलात’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. पुस्तक मॉड्यूल बिघडले असे म्हणत नाही, की संगणक बिघडला असेही म्हणत नाही.

त्या मंडलात मॉड्यूल आणि संगणक यांच्यामध्ये चार तारा असतात. एका तारेने मॉड्यूल संगणकाला इंजिनाच्या फिरण्याचे संकेत पाठवतो. दुसरी त्या संकेताची परतीची तार. तिसरी बायपास नावाची, पिंगट रंगाची आणि तिच्यावर काळी रेघ. चौथ्या, पांढऱ्या तारेने संगणक ठिणगीची वेळ कळवतो. स्टार्टर फिरत असताना मॉड्यूल ठिणगीची वेळ स्वतःच सांभाळतो. वेग मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्यांच्या वर गेला, की संगणक बायपास तारेवर ५ व्होल्ट देतो. जणू तो म्हणतो, “आता सूत्रे माझ्याकडे दे.” मॉड्यूलने सूत्रे दिली, तर पांढऱ्या तारेवर संकेत हलताना दिसतो. तो जसा दिसायला हवा तसा दिसला नाही, की संगणक कोड ४२ नोंदवतो.

बायपास तार तुटली असेल, ती कोठेतरी चासिसला टेकत असेल, पांढऱ्या तारेचे तसेच झाले असेल, कनेक्टरमधील टर्मिनल सैल असेल, मॉड्यूल खराब असेल, किंवा क्वचित प्रसंगी संगणकच खराब असेल. या सगळ्या परिस्थितींत दिवा एकच आकडा दाखवतो. अनेक कारणे आणि त्यांची एकच तक्रार! कोड म्हणजे रोग्याचे ‘पोटात दुखते’ हे वाक्य. ते खरे असते, महत्त्वाचे असते, पण ते निदान नसते.

याचे एक उदाहरण सांगतो. बागकामाची कंत्राटे घेणारे एक वयस्कर गृहस्थ आपला ट्रक घेऊन आमच्याकडे आले. इंजिन चटकन सुरू होई, पण मागे गवत कापण्याच्या यंत्रांचा ट्रेलर जोडला की चढावर गाडीचा जीव जाई. इशाऱ्याचा दिवा जळत होता आणि कोड होता ४२. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजात मॉड्यूल बदलून झाला होता. दिवा पुन्हा लागला, म्हणून अख्खा डिस्ट्रिब्युटर बदलला. तरी दिवा लागला, म्हणून संगणक बदलला. बिलांची बेरीज गाडी विकून येणाऱ्या पैशांच्या पुढे गेली होती. हंगामाचे दिवस होते आणि पुढचे काम हातचे जाण्याची त्यांना भीती होती.

मी त्यांना हत्यारांआधी प्रश्न विचारले. दिवा पहिल्यांदा केव्हा लागला? त्याआधी गाडीला कोणी हात लावला होता का? गाडी तापल्यावर त्रास होतो की थंड असतानाही? पावसात वाढतो का? या प्रश्नांना महत्त्व आहे. थंडपणी नीट चालणारी आणि तापल्यावर बंद पडणारी गाडी मॉड्यूलकडे बोट दाखवते. दमट हवेत अडखळणारी गाडी प्लगच्या तडकलेल्या वायरींकडे. या गृहस्थांनी सांगितले, की वसंतात ट्यूनिंग करून घेतले आणि त्यानंतर आठवडाभरात दिवा लागला.

ट्यूनिंगचा उल्लेख ऐकून वाट दिसली. या इंजिनाची मूळ वेळ तपासताना बायपास तारेतील एका तारेचा कनेक्टर मुद्दाम उघडावा लागतो, म्हणजे संगणक मध्ये पडत नाही. मग बॉनेटखाली चिकटवलेल्या पट्टीवर दिलेल्या अंशावर वेळ लावायची, कनेक्टर पुन्हा जोडायचा आणि या खटाटोपात नोंदलेला कोड पुसून टाकायचा. कनेक्टर जोडायचा राहिला, तरी गाडी चालते. फक्त तिची ओढ जाते.

त्या गाडीचा कनेक्टर जोडलेला होता. निदान दिसत तरी तसाच होता. चावी बंद करून तारेची दोन्ही टोके मोकळी केली आणि मल्टिमीटरने रोध मोजला. अखंड तारेचा रोध जवळजवळ शून्य असतो. येथे काटा हलेना. मग तारेचे दोन भाग मानले : संगणकापासून कनेक्टरपर्यंत आणि कनेक्टरपासून मॉड्यूलपर्यंत. दोन्ही भाग अखंड निघाले! म्हणजे दोष नेमका जोडावर होता. प्लास्टिकचे दोन्ही भाग घट्ट बसले होते, पण एका बाजूचे धातूचे टर्मिनल जोडताना मागे सरकले होते आणि आत दुसऱ्याला शिवतच नव्हते. ते पुढे सरकवून त्याची जीभ नीट बसवली, कोड पुसला, इंजिन चालू ठेवले आणि ट्रेलर जोडून चढावर नेऊन आणले. दिवा लागला नाही. सुट्या भागाचा खर्च काहीच आला नाही.

या गोष्टीत कोणी लबाड होता असे मी म्हणणार नाही. आमच्या धंद्याची अडचण वेगळी आहे. गिऱ्हाईक नव्या भागाचे पैसे देतो, कारण तो भाग त्याला हातात धरून दाखवता येतो. तासभर मीटर लावून केलेल्या विचाराचे पैसे मागितले, की त्याला आपण फसवले गेलो असे वाटते. म्हणून पुष्कळ मेकॅनिक विचार गाळतात आणि भाग बदलतात. कधी पहिलाच भाग बरोबर निघतो. तेव्हा सगळ्यांना वाटते, निदान झाले. खरे तर तेव्हा नशिबाने साथ दिलेली असते.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलांपासून सर्व मोटारींना आणि हलक्या ट्रकांना समान पद्धतीचे कोड आले. लुकलुकी मोजण्याची गरज संपली. १६ टोकांच्या कनेक्टरला यंत्र लावले की ‘पी ०३००’ अशी अक्षरे उमटतात. पी हे अक्षर इंजिन व गिअर यांच्या गटाचे, त्यापुढचे शून्य सर्व कंपन्यांना समान असलेल्या कोडचे आणि तीन हा आकडा इग्निशन किंवा मिसफायर यांचा. ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर, ०३०२ म्हणजे दुसऱ्या, आणि ०३०० म्हणजे अनेक किंवा अनिश्चित सिलिंडरांत.

यंत्र सुधारले, म्हणून लोकांना वाटले की आता निदानही तेच करील. पण मिसफायर संगणकाला कळतो कसा? बहुतेक इंजिनांत तो ठिणगी पाहत नाही. तो क्रँकशाफ्टचा वेग मोजतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला बारीकसा धक्का मिळतो; एखादा धक्का आला नाही, की वेग क्षणभर मंदावतो. एवढेच त्याला ठाऊक असते. धक्का का आला नाही, ते त्याला कळत नाही. प्लग झिजला असेल, वायर फुटली असेल, इंजेक्टर तुंबला असेल, व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, किंवा बाहेरची हवा फटीतून आत शिरत असेल. म्हणून ०३०० दिसताच आठ प्लग आणि आठ वायरी मागवणारा माणस कोड वाचतो, इंजिन वाचत नाही.

येथेही स्वस्त आणि खात्रीचे उपाय आहेत. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असलेल्या इंजिनात तिसऱ्या सिलिंडरचा कोड आला, तर तिसरी आणि पाचवी कॉइल अदलाबदल करून पाहावी. कोड पाचव्यावर गेला, तर दोष कॉइलचा. तिसऱ्यावरच राहिला, तर कॉइल निर्दोष. मग प्लग, इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन यांच्याकडे वळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेचा नियम आपल्याला आपल्याच शाळेत शिकवला गेला आहे.

माझ्या उमेदवारांना मी पाच गोष्टी सांगत असे. एक, कोड लगेच पुसू नये आणि बॅटरीही काढू नये. आधी तो लिहून घ्यावा, कारण पुसलेला पुरावा परत येत नाही. नव्या गाड्यांत बिघाडाच्या क्षणीचा वेग, तापमान आणि इंजिनावरचा भार यांची नोंदही साठवलेली असते. तीही उतरवून घ्यावी. दोन, गाडीच्या मालकाला विचारावे आणि त्याचे उत्तर मध्येच न तोडता ऐकावे. तीन, डोळ्यांनी पाहावे : सैल जोड, खरचटलेली तार, हिरवट चढलेले टर्मिनल, उंदरांनी कुरतडलेली वायरिंग. चार, जे स्वस्त आणि सोपे ते आधी तपासावे, महागडे शेवटी. पाच, मोजल्याखेरीज बदलू नये. आणि बदलल्यावर ज्या परिस्थितीत तक्रार होती, त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी. ठिणगीचा दाब जिवावर बेतू शकतो, म्हणून चालत्या इंजिनाच्या प्लगची वायर हाताने ओढू नये, हे पाचांच्याही आधीचे.

पालकहो, आपल्यापैकी पुष्कळांनी बॉनेट कधी उघडले नसेल. पण कोड आपण सर्वजण वाचतो. दर सहामाहीला तो घरी येतो. मुलाच्या गुणपत्रिकेत गणितासमोर लाल रेघ दिसते, आणि आपण शिकवणी लावतो. पुढच्या वेळी रेघ तशीच राहिली, की शिकवणी बदलतो, मग शाळा बदलतो आणि अखेरीस माध्यम बदलतो. प्रत्येक वेळी नवा सुटा भाग आणि प्रत्येक वेळी मोठे बिल. मूल मात्र त्याच चढावर अडखळत राहते. कदाचित त्याला फळ्यावरचे दिसत नसेल. डोळे तपासणे किती स्वस्त आहे! कदाचित पाचवीतला अपूर्णांक कळला नसेल आणि आठवीतले बीजगणित त्या तुटलेल्या तारेवर उभे असेल. कदाचित वर्गात हसे होईल या भीतीने ते प्रश्न विचारत नसेल. लाल रेघ या तिन्ही गोष्टींबद्दल एकच आकडा सांगते.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, आज शाळेसमोरही एक दिवा जळतो आहे. पटसंख्या घटते आहे, म्हणून मराठी माध्यम बंद करून शाळा इंग्रजी करावी, असा विचार मांडला जात आहे, हे आपण जाणता. मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. शाळा जगावी असेच त्यांना वाटते. पण घटती पटसंख्या हा कोड आहे. मराठी कुटुंबे जुन्या वस्तीतून शहराच्या कडेला गेली आणि तेथून शाळेची बस नाही, हे कारण असू शकते. पूर्वप्राथमिक वर्ग नसल्यामुळे मुले आधीच दुसरीकडे रुळतात, हे असू शकते. इंग्रजी विषयाचे शिकवणे कच्चे आहे, असे पालकांना वाटत असेल. माध्यम हेच कारण आहे, असेही कदाचित निघेल. मोजल्यावर निघाले, तर ते मान्य करण्याचे धैर्य आपल्यात असावे. पण संगणक बदलण्याआधी तार तपासायला हवी, कारण काही भाग एकदा काढले की बाजारात पुन्हा मिळत नाहीत. आपण शे-दोनशे माजी विद्यार्थी आहोत. ज्या घरांनी मुलांना दुसऱ्या शाळेत घातले, त्या घरी जाऊन ‘का’ आणि ‘केव्हापासून’ एवढे दोन प्रश्न विचारायला एक उन्हाळी सुटी पुरेल. त्या कामातील माझा वाटा उचलण्यास मी तयार आहे.

प्रश्न विचारणे मला या शाळेने शिकवले, आणि ते मराठीतून शिकवले. परदेशातील गॅरेजात मी इंग्रजीत बोलत होतो, पण मीटर हातात घेतल्यावर मनात उठणारे ‘कुठे, केव्हा, कशाने’ हे शब्द मात्र येथल्याच बाकांवर शिकलेले होते. ज्या गुरुजनांनी ‘उत्तर बरोबर आहे, पण ते कसे आले ते लिही’ असा आग्रह धरला, त्यांना मी वंदन करतो.